बुद्धाची सासुरवाडी

पूस १९

सापडलं म्हणे! कोलियांचं शहर. बुद्धाचं आजोळही तेच आणि सासुरवाडीही तीच. इतकी वर्षं हरवलेलं, आणि सापडलं कुठे, तर आमच्या गावाखाली!

सासरे गावचे बडघर, गाव चालतं ते त्यांच्याच शब्दावर. काठमांडूहून उत्खननवाली रंजनीदीदी आली, तेव्हा पाहुणीचा मान म्हणून त्यांनीच तिला देवाचं थान दाखवलं. चौथऱ्याच्या हातभर लांब जुन्या विटा बघून ती म्हणाली, शहर इथंच खाली आहे. आता गाव उठवणार म्हणतात.

पूस २२

सरकारी माणूस आला होता. सगळी घरं दोन कोसांवर, नदीकाठच्या पडीक जमिनीवर न्यायची. नाही म्हटलं तर, असं सासऱ्यांनी विचारलं. तो म्हणाला, "बडघर, तुमचं गाव आता जगाचं झालं."

म्हणजे आमचं राहिलं नाही.

बुद्धाच्या सासुरवाडीपायी माझं सासर मोडायचं! नवरा कतारमध्ये. फोनवर म्हणतो, मी येऊन काय करू? खरंच, काय करणार?

पूस २५

डेहरीचं काय? घरातली भिंतच ती — माणसापेक्षा उंच, मातीची, पोटात वर्षाचं धान. लग्न झालं त्या वर्षी सासूनं आणि मी मिळून लिंपली. ती उचलून नेता येत नाही, फोडावीच लागते.

दीदीला म्हटलं, दुसरीकडे खणा की. तिचे डोळेच भरले. "अगं, उभं आयुष्य ह्या शहरामागे गेलं. सगळे मला वेडी म्हणतात." चांगली आहे गं बाई. आमच्यातच जेवते. राग तरी कुणावर काढू?

माघ १

माघीचा सण. तांदळाच्या पिठाची ढिकरी उकडली, पण ताटात तशीच राहिली. नवा बडघर निवडायची दरवर्षीची सभा भरली. सासरे हात जोडून म्हणाले, गाव बुडवलं मी, दुसरा कुणी बघा. लोकांनी ऐकलं नाही. तुम्हीच बुडवलंत, आता तुम्हीच न्या!

माघ ६

डेहरी फोडली. पहिला घाव सासूनं घातला. मला हात लावू दिला नाही.

माघ ९

निघालो. रिवाजाप्रमाणे प्रत्येक घरानं थानाची एकेक वीट डोक्यावर घेतली. गाव सोडताना देव असाच न्यायचा असतो. दीदीनं अडवलं नाही, मोजमाप-फोटो कधीच झाले होते. बघत उभी राहिली. मग हळूच विचारलं, ही पद्धत जुनी का?

सासरे म्हणाले, "आमचे पणजे इथं आले तेही ह्याच विटा डोक्यावर घेऊन."

तिचा चेहरा पांढरा पडला. "कुठून आणल्या होत्या?"

ते सांगणारं आता कुणी उरलेलं नाही.

माघ १७

काही नाही! थानाखाली नुसती पिवळी माती. घरांखाली तेच. ना भिंत, ना खापर. शहर तिथं नव्हतंच कधी!

सासरे कचेरीत जाऊन आले. परत जाऊ द्या म्हणाले. तर म्हणे, हुकूम फिरवायचा तर वरून फिरायला हवा. आणि जायचं तरी कुठे? घरं होती तिथे खड्डे आहेत.

मला हसू आलं. मग रडू आलं ते थांबेना.

माघ २३

दीदी नव्या जागी भेटायला आली. उद्या कायमची चालली. ह्या वयात पुन्हा कुणी खणू देणार नाही म्हणते. "तुझं घर मोडलं, आणि हाती काहीच नाही." सासूनं तिला घोंगीचं, शेतातल्या गोगलगायींचं, कालवण वाढलं. ती खाली मान घालून जेवली.

माघ २४

नव्या घराचा मधला खांब पुरायला खड्डा घेतला. कमरेइतक्या खोलीवर पहार अडली. वीट. हातभर लांब, थानाच्या विटेसारखीच. खड्डा रुंद केला. विटेला लागून वीट, तिच्याखाली वीट — जाड भिंत, सरळ शेजारणीच्या अंगणाखाली गेलेली.

तिकडे रस्त्यावर दीदीची गाडी उभी. ती एकेकीला भेटत होती.

सासऱ्यांनी खड्ड्यात वाकून भिंतीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "सूनबाई, माती लोट."

मी लोटली. मग हात धुऊन दीदीला निरोप द्यायला गेले.