घाव बुजवू नये

मी, सुगिनो योहेइ, वय एकोणपन्नास, राहणार लोहार आळी, वाकामात्सु. धंदा त्सुबा घडवण्याचा, म्हणजे तलवारीच्या मुठीपुढची, हात वाचवणारी चकती. पोटातल्या गाठीने शरीर खचले असले तरी डोके शाबूत आहे. कुणाच्या सांगण्यावरून नव्हे, तर स्वतःच्या मनाने, अमिदा बुद्धाचे नाम घेऊन हे लिहून ठेवतो. माझे शिक्षण गावच्या मठात झाले तेवढेच. शब्द चुकला तर अर्थ धरावा.

कलम एक. राहते घर, मागची भट्टी आणि मुळ्यांचा वाफा पत्नी ओताकी हिचा. तांब्यात थोडे सोने मिसळलेला पत्रा काळाभोर व्हावा म्हणून रंगाच्या काढ्यात घालण्याआधी किसलेल्या मुळ्यात बुडवावा लागतो. सव्वीस वर्षे ती म्हणत आली, "अहो, मुळे तुमच्या पत्र्यांनी खाल्ले, आम्ही काय नुसता पाला खायचा?" आता सगळे मुळे तिचे. खुशाल खारवावेत. साठवलेले पैसे काही उरले तर तेही तिचेच. मठाच्या दिव्याला वर्षभराचे तेल मात्र त्यातून द्यावे.

कलम दोन. छिन्न्या आणि हातोड्या आळीत ज्याला हव्यात त्याने न्याव्यात. चकतीत आरपार नक्षीची जाळी कापायची बारीक करवत माझी नाही. गुरुबंधू देन्किची याच्याकडून मागून आणली, ती परत करायची राहिली. ती त्याची त्याला द्यावी.

कलम तीन. माझा एक राग आहे, तोही इथेच निकालात काढतो. तोगाशी जिन्नाई या शिपाईगड्यासाठी मी लोखंडी चकती केली होती. तीन उडते रानहंस, माना भाताच्या काडीएवढ्या. वाकामात्सुचा किल्ला पडला त्या लढाईच्या वर्षी तोगाशी परतले नाहीत, तेव्हा देन्किची सगळ्या आळीसमोर म्हणाला, "इतकी नाजूक जाळी कापतात होय? माना तुटल्या असणार, दुसरं काय!" मी भांडलो नाही, कारण मलाही तेच वाटत होते. त्यानंतर नऊ वर्षे मी जाळी कापली नाही. सपाट चकत्या केल्या, पुढे तलवारींवर बंदी आल्यावर फडताळांच्या कड्या. रोज नाम घ्यायचो, पण डोळे मिटले की तोगाशींची तुटलेली बोटे दिसत.

या उन्हाळ्यात त्यांच्या पत्नी कापडात गुंडाळलेली तीच चकती घेऊन दारात उभ्या राहिल्या.

"कारागीर, एवढा घाव भरून द्या. घाव दिसला की दुकानदार नाक मुरडतो."

काठावर जवाच्या दाण्याएवढा खोल घाव होता. त्यामागच्या हंसाची मान वाकली होती. तुटली नव्हती.

"बाईसाहेब, हा घाव बसला तेव्हा त्यांचा हात…"

"दहाच्या दहा बोटं घेऊन संध्याकाळी घरी आले. तीन वाडगे पेज प्यायले. म्हणाले, योहेइचे हंस चिवट निघाले, त्याला सांग. पुढे कैदेत तापाने गेले. आम्हाला उत्तरेच्या ओसाड मुलखात धाडलं, मी कुणाला काय सांगणार? अहो कारागीर, रडायला काय झालं?"

घाव भरायला माझा हात धजेना. बदल्यात मी त्यांना सोन्याच्या चंद्राची निर्दोष चकती दिली. तेव्हापासून मला झोप लागते. गाठ दुखते, पण झोप लागते.

कलम चार. हंसांची चकती माझ्यामागे तोगाशींची मुलगी ओफुमी हिला द्यावी. ठेवायची की विकायची ते तिने ठरवावे. सुती कापडाने पुसावी, तेल लावू नये. घाव मात्र बुजवू नये. हा घाव चकतीने झेलला म्हणून तिचा बाप त्या संध्याकाळी पेज प्यायला घरी आला. देन्किची हल्ली परदेशी गिऱ्हाइकांसाठी जुन्या चकत्या दुरुस्त करतो आणि त्याने बुजवलेला घाव भिंगानेही सापडत नाही. लोक त्याच्याकडेच जातील, म्हणून साक्षीला त्यालाच बोलावले आहे.

शिक्के उठवण्याआधी जोडलेला मजकूर. देन्किची आला. वाचून झाल्यावर त्याने चकती मागितली. अंगठा घावावरून फिरवला, मग मानेवरून.

"वाकलीय."

"वाकलीय."

"मी तुटली असणार म्हणालो होतो."

"सगळ्या आळीसमोर म्हणाला होतास."

"मग गाढवा, नऊ वर्षं तोंडात मुळा धरला होतास का? एकदा येऊन भांडला असतास, तर बाईंना शोधत मीच उत्तरेला गेलो असतो!" मग बराच वेळ चकती खाली ठेवीना. शेवटी म्हणाला, "करवत राहू दे तुझ्याकडे. गंजवून ठेवलीस, मी काय करू तिचं? अजून दिवस आहेत तुझे. एखादा हंस काप."

तरी कलम दोनमधली करवत तूर्त माझ्याकडेच राहील. तो शिक्का शोधतो आहे तोवर पत्र्यावर एक हंस आखून झाला. मान काडीएवढीच ठेवली आहे.

ठिकाण वाकामात्सु, मेइजी सन दहा, दहावा महिना, तारीख चौदा.

सुगिनो योहेइ (शिक्का)

साक्षीदार: भिक्षू एन्काई, मठाधिपती. माझ्यासमोर लिहिले.

साक्षीदार: देन्किची, चकत्यांचा कारागीर. हा घाव मी बुजवणार नाही, दुसऱ्यालाही बुजवू देणार नाही.