सुनेच्या हातातली बॅटरी

बरगड, ६ ऑगस्ट १९९४

चि. दिबाकर यास थोरल्या बहिणीचे अनेक आशीर्वाद.

आम्ही सारे बरे, पण घरात काहीतरी शिजतंय. वैशाखात आलेली सून, कुंतला, रोज सकाळी सगळ्यांना विहिरीपाशी रांगेत उभं करते. प्रत्येकाचा ब्रश वेगळा. जेवल्यावर खळखळून चुळा. तुझ्या भाऊजींची कवळीसुद्धा स्वतः घासते. वर बॅटरी लावून एकेकाच्या तोंडात बघते. माझा लेक प्रद्युम्न मुकाट्यानं आ करतो!

माझ्याही मागे लागली, आई, एकदाच उघडा. मी म्हटलं, बाजारातली म्हैस आहे का मी? तेव्हापासून पाळत ठेवते. गोठ्याच्या कोनाड्यात माझी गुडाखूची डबी असते. आपल्या आईपासून चालत आलेली तंबाखू-गुळाची काळी मिश्री ती, त्यात काय एवढं? पण डबी दोनदा हललेली दिसली. मी गोठ्याकडे वळले की हिला तिकडेच काम निघतं. माझे दोष गोळा करून पोराला वेगळी चूल मांडायला लावणार, दुसरं काय!

लोभ आहेच, तो राहू दे.
तुझी नानी

राउरकेला, १३ ऑगस्ट

ती. नानीस, शि. सा. न.

पत्र वाचून हसलो. वेगळी चूल मांडणारी सून सासऱ्याची कवळी घासत बसेल का गं? पण ती तुझ्याच तोंडामागे का लागलीय, हे मलाही कळेना. म्हणून तिला कार्ड टाकून सरळ विचारलंय. रागावू नकोस. भाऊजींना नमस्कार.

तुझा दिबा

बरगड, २० ऑगस्ट

ती. मामांना कुंतलाचा जुहार.

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. लग्नानंतर महिन्याभरात आई एकदा मोठ्यानं हसल्या, तेव्हा डाव्या गालात आत पांढरा चट्टा दिसला. हल्ली आंबट, तिखट लागलं की गाल धरतात. माझ्या काकूला असंच झालं होतं. तीही गुडाखू लावायची. आम्ही कुणी काही बोललो नाही. वर्षाच्या आत तिचं तोंड दोन बोटंही उघडेना, आणि मग ती गेलीच.

हे सरळ सांगितलं तर आई म्हणतील, नवी सून माझ्या मरणावर टपलीय. म्हणून सगळ्यांचीच तोंडं बघायला लागले, म्हणजे त्यांची पाळी आपोआप येईल. ती काही येत नाही. डबी दोनदा उचलली आणि ठेवून दिली. फेकली असती तर दुसरी आली असती, आणि मी चोर ठरले असते. मामा, तुमचं त्या ऐकतात. लवकर या.

आपली
कुंतला

बरगड, ७ सप्टेंबर

चि. दिबाकरास आशीर्वाद.

तू येऊन दंडाला धरून बुर्ल्याच्या इस्पितळात नेलंस, तेव्हा तुम्ही दोघं मिळून मला वेडी ठरवताय, असंच वाटत होतं. काल तपासणीचा कागद आला. कॅन्सर नाही. पण डॉक्टर म्हणाले, त्याच वाटेवर होता, चट्टा वेळेत कापून निघाला. आधी कोणी बघितला म्हणून विचारलं. मी म्हटलं, सुनेनं.

गुडाखू सुटून दहा दिवस झाले. पहिले चार दिवस डोकं फुटायचं, आणि मी कुंतलावरच खेकसायचे. ती नुसती मिठाचं कोमट पाणी आणून ठेवायची. काल तिला म्हटलं, सांगितलं का नाहीस गं सरळ? तर म्हणाली, आई, तुम्ही माहेरी धाडलं असतं मला. खरंच धाडलं असतं रे.

आता तुझं. बुर्ल्याच्या वाटेवर बस थांबली की तू खाली उतरायचास, आणि पाठ करून ओठाखाली बोट फिरवायचास. मला खिडकीतून दिसलं. तुझ्या पत्रात गुडाखूबद्दल एक अक्षर का नव्हतं, तेही आता कळलं.

नुआखाईच्या सणाला ये. नवान्न आणि जुहार मागाहून. आधी विहिरीपाशी उभा राहा. कुंतला बॅटरी धरेल, तोंड मी बघणार आहे.

तुझ्या काळजीत,
नानी