दुसऱ्या भागातला रेडा

मी, राघो काळूराम हरड, वय वर्षे त्र्याहत्तर, धंदा भातशेती, राहणार टोकावडे, तालुका मुरबाड, जिल्हा ठाणे, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. छातीचं दुखणं आहे. त्याच्या गोळ्यांनी झोप येते, पण भ्रम होत नाही. मला कोणी भरीस घातलेलं नाही. उलट पत्नी गीताबाई म्हणते, "एवढ्यात कशाला लिवता?" म्हणून ती गोठ्यात गेली की लिहायला बसतो.

१. राहतं घर, पडवी व परसातली जागा गीताबाई हयात असेपर्यंत तिच्या एकटीच्या मालकीची. तिच्या पश्चात आमची एकुलती मुलगी दर्शना हिची. "तुला एकटीला एवढं घर कशाला" असं गीताबाईला कोणीही म्हणू नये, दर्शनानेसुद्धा.

२. ओढ्याकडची, वाटणीने माझ्या नावावर आलेली भातजमीन दर्शनाला. तिचा नवरा धरणावर नोकरीला असल्याने ती भातसानगरला राहते. जमीन तिने खुशाल अर्धेलीने लावावी, पण आई आहे तोवर विकू नये. जावई चांगले आहेत. लावणीला येऊन चिखलात पडले तेव्हा मी हसलो होतो, ते त्यांनी मनावर घेतलं नाही.

३. दोन्ही म्हशी गीताबाईच्या. त्या माझ्या हाकेवर येतात. दर्शनाने ती हाक मोबाईलमध्ये भरून ठेवली आहे. माझ्यामागे ती म्हशींना ऐकवू नये. ती त्यांची फसवणूक होईल. गीताबाईने आपल्या आवाजात बोलवावं. दोन-चार दिवस घेतील, पण येतील.

४. या हाकेमुळेच माझ्या आयुष्यात सिनेमा आला, ते इथे लिहून ठेवतो. मुंबईच्या एक बाई सिद्धगडाच्या बाजूला रानातले आवाज भरून घ्यायला आल्या होत्या. मी म्हशींना बोलवत होतो, ते त्यांनी ऐकलं. जनावरांचा एक कार्टूनचा सिनेमा मराठीत होत होता, त्यातल्या म्हाताऱ्या रेड्याला आवाज हवा होता. त्यांनी मला मुंबईला नेऊन काचेच्या खोलीत उभं केलं. रेडा फार बोलत नव्हता. एक पाडस नदीला घाबरतं, तेव्हा तो म्हणतो, "पाणी खोल नाय. मी पुढं चालतो, तू माझ्या मागनं ये." एवढंच. पण पोरं रस्त्यात थांबवून मला ते वाक्य म्हणायला लावत. निघताना बाईंनी कानाला लावायचे हेडफोन भेट दिले. ते दर्शनाला.

५. पुढे दुसरा भाग आला. मला कोणी बोलावलं नाही. वाटलं, पहिल्या वेळचाच आवाज वापरला असेल. मला यंत्रातलं काय कळतं. गावाने दोन जीपा केल्या आणि आम्ही कल्याणला गेलो. गीताबाई लग्नातलं लुगडं नेसली होती. मागच्या जीपमध्ये माझा थोरला भाऊ देवजीदादा बसला होता. त्याला कोणी बोलावलं, ते मला अजून माहीत नाही. शेतांमधल्या बांधावरून आमचं बोलणं कित्येक वर्षं बंद होतं.

सिनेमा सुरू झाला. रेडा आला, त्याने तोंड उघडलं, आणि आवाज दुसऱ्याच कोणाचा. मोठ्या नटाचा असावा. साफ होता, गोड होता. रेडासुद्धा तो राहिला नव्हता. मोटारसायकलवर बसत होता, गाणी म्हणत होता, विमानातून उड्या मारत होता. पाडस मोठं होऊन कळप सोडून निघालं, तर त्याच्याशी धड दोन शब्द बोलला नाही. आमच्या दोन रांगांत कोणी हलेना. गीताबाईने माझा हात धरला. चारचौघांत तिने तो कधी धरला नव्हता.

तेवढ्यात देवजीदादा उभा राहिला. "थांबवा," म्हणाला. "हा आवाज आमच्या राघोचा नाय."

टॉर्चवाला धावत आला. "काका, बसा."

"बसतो. पण नाय म्हणजे नाय."

येताना जीपा चहाला धाब्यावर थांबल्या. सगळे माझ्यापासून जरा लांब उभे होते. दादाने चहा आणून माझ्यापुढे ठेवला. "राघो," तो म्हणाला, "पाडस निघालं तवा रेडा काय बोलला असता?"

मी जरा विचार केला आणि रेड्याच्या आवाजात म्हणालो, "जा तू. वाट चुकलास तर हाक मार. मी कान देऊन असंन."

दादाने आपला कप खाली ठेवला. मग म्हणाला, "ह्यांनी हे ठेवाया पायजे व्हतं." गावात जीपमधून उतरल्यावर घरी आम्ही दोघं बरोबर चालत आलो.

सिनेमा बिघडवणाऱ्यांवर माझा राग होता. तो कोणाच्या वाट्याला न देता इथेच संपवतो.

६. बांधालगतची वादाची पट्टी मी देवजीदादाच्या नावे लिहिली होती. खरी ती कोणाची, हे सांगणारं आता कोणी उरलेलं नाही. मग साक्षीदाराचा प्रश्न आला. मी दादाचं नाव सांगितलं. दर्शनाने शहापूरच्या वकिलांना फोनवर विचारलं. ते म्हणाले, ज्याला मिळकत मिळते त्याने साक्षीदार होऊ नये. मी दादाला सांगितलं, पट्टी घे, सहीला दुसरा कोणी बघतो.

दादा म्हणाला, "पट्टी ऱ्हाऊ दे तुझी. मी सही करतो."

म्हणून आधीचं कलम खोडून, खोडल्या जागी सही करून, ती पट्टी मी दादाची मुलगी नम्रता हिला देत आहे. बांध ठेवायचा की मोडायचा, ते तिने आणि दर्शनाने ठरवावं.

याआधी मी कुठे काही लिहून ठेवलेलं नाही, हेच धरावं. वर लिहिलेलं सारं दोन्ही साक्षीदारांसमोर वाचून दाखवलं, आणि त्यांच्या देखत सही केली.

ठिकाण : टोकावडे
दिनांक : ११ फेब्रुवारी २०२५

सही : राघो काळूराम हरड

साक्षीदार :
१. डॉ. सुयोग देसले, मुरबाड, लिहून देणारावर उपचार करणारे डॉक्टर
२. देवजी काळूराम हरड, टोकावडे, लिहून देणाराचा सख्खा भाऊ