गाणारी बाई कोणत्या बाजूला

३ नोव्हेंबर, रविवार
चौथा स्पीकर टांगला. खुर्ची चारही कोपऱ्यांपासून सारख्या अंतरावर. टेपने मोजून खडूने खुणा केल्या.

दादाने नागपूरहून सीडी आणली. बाबांनी तरुणपणी तुमसरला रेडिओचं दुकान टाकलं तेव्हा घेतलेली परदेशी वाद्यवृंदाची रेकॉर्ड, चार स्पीकरवर वाजणारी, तीच आता सीडीवर. सीडीवर चॅनेल दोनच. मागच्या दोन स्पीकरचा आवाज त्यातच गुंडाळलेला असतो, तो सोडवायला डीकोडर लागतो. बाबांचा कधीच भंगारात गेला. नवा मी बनवला. पाच रविवार.

बाबांचा डावा कान दोन वर्षांपासून बंद. एका कानाने दिशा कळत नाही. म्हणून खुर्चीत दुसऱ्याने बसायचं आणि कुठून काय येतं ते सांगायचं. शाळेत असताना दुकानात हे काम माझं होतं.

बाबा म्हणाले, "सूनबाई, तू बस."

मी स्क्रू ड्रायव्हर हातात घेऊन उभी.

वहिनीने डोळे मिटले. "मामाजी, गाणारी बाई मागं हाये. बाकी गाणाऱ्यायचा सारा घोळका समोर."
"मागं? बाई तं समोर पायजे."
मी म्हणाले, समोरच आहे. सवय नसली की तसं वाटतं.
वहिनी खुर्चीवरून उठली.

५ नोव्हें.
चहाच्या वेळी बाबा वहिनीला (व.): "तुले मागचं एवढं कसं समजते?"
"धानाच्या रोवणीत मागं मागंच सरकाव लागते न मामाजी. मागं पाहत बसलं तं रोवा केव्हा? कोण कुठं हाये, मागचा बांध, धुरा किती उरला, सारं कानानंच."
"मंग एखादी आपटत असन."
"आपटते न! माही मावशी दरसाल आपटते. अन् शिव्या मले देते."
बाबा हसले ते ठसका लागेपर्यंत. पाणी व.ने दिलं.

लग्नाला सहा महिने झाले. दादा नागपूरला असतो, ही इथे. आसगावची, शेतकऱ्याघरची. रोवणीचं मला काही माहीत नाही. आमच्या घरात दुकान होतं.

८ नोव्हें.
ड्यूटीहून साडेपाचला आले. सीडी चालू. त्यांनी एक पद्धत बसवली आहे. बाबा विचारतात, "बासरी?" व. डोळे मिटून बोट दाखवते. "ढोल?" बोट फिरतं. बाबा त्या बोटाकडे असे बघतात की जणू त्यातूनच आवाज येतो.

मी आत गेले. बोट खाली आलं.

माझ्या मीटरच्या डब्यावर सोललेल्या लसणाची वाटी होती. उचलून ओट्यावर ठेवली.

१० नोव्हें., रविवार
बाबांचं एकच. बाई समोर हवी, सूनबाई मागे म्हणते. "मंजू, तू डिप्लोमावाली. तू बसून सांग."

बसले. बाई मागे होती. शंका घ्यायला जागा नाही. मानेच्या बरोबर मागे, वीतभर अंतरावर असावी तशी.

मी म्हणाले, "समोर."

बाबा व.ला: "तुहे कान भरले वाट्टे, सूनबाई." थट्टेनेच.
"असन," म्हणाली आणि तांदूळ निवडायला आत गेली.

१३ नोव्हें.
चार संध्याकाळी खुर्ची माझी. वाद्यं कुठे असायला हवीत ते मला माहीत आहे, तेच सांगते. "मागचा डावा." "पुढचा उजवा."
बाबा: "बोट दाखव न."
दाखवलं. मला जमत नाही. बाबांनी दुसऱ्या गाण्यानंतर पेपर उघडला.

१७ नोव्हें., रविवार
व. धान कापणीसाठी आसगावला. बाबा बाजारात. डीकोडर उघडला.

दोन्ही चॅनेलवर एकच सूर दिला, स्कोपच्या पडद्यावर पाहिलं. एक लाट वर, तेव्हा दुसरी खाली. स्पीकरमधली गुणगुण जावी म्हणून इनपुटला ट्रान्सफॉर्मर टाकले होते. उजव्याची दोन टोकं उलट जोडलेली. मी एकेक चॅनेल वेगळा तपासला होता, तीनदा. दोन्ही एकत्र कधीच नाही. अशाने समोरचं सगळं मागे जातं, मागचं समोर.

दुरुस्तीला चार मिनिटं. बाई समोर आली.

म्हणजे ती पहिल्या दिवसापासून बरोबर होती. आणि मला १० तारखेपासून माहीत होतं.

२१ नोव्हें.
व. परत आली. हातांवर धानाचे ओरखडे. बाबांनी चहाही होऊ दिला नाही. "ये सूनबाई. आता तरी बरोबर आयक."
बसली. डोळे मिटले. लगेच उघडले.
"समोर हाये."
बाबांनी टाळी वाजवली. "पाय! मी काय म्हणत होतो!"
तिने बाबांकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं. मी वायर गुंडाळत होते.

नंतर स्वयंपाकघरात: "ताई, तुमी तो डब्बा उघडला होता का?"
"धूळ साफ केली."
"हो का." पोळी उलटवली. "मामाजीले वाटून राहिलं, माहेच कान खराब होते."
रागावली असती तर सोपं होतं.

२३ नोव्हें., शनिवार
बाबा फोनवर दादाला: "आता सूनबाईले बी समजाले लागलं. मंजूनं शिकवलं तिले." व. तिथेच भाजी चिरत होती. चिरत राहिली.

संध्याकाळी बाबांनी हाक मारली तर म्हणाली, "ताईले बसू द्या मामाजी. मले काम हाये." काम नव्हतं. पायरीवर बसून होती.

मी बसले. आता सगळं जिथल्या तिथे. बाई समोर, घोळका मागे, एकही चूक नाही. बाबांनी एकदाही "बासरी?" विचारलं नाही.

टोकं उलटी लागली होती हे सांगायला दोन मिनिटं लागतील. ऐकू येऊनही खोटं बोलले, हे सांगायला आणखी एक. बाबा रागावतील, तेही चालेल. पण माझं बोलून संपायच्या आत ते पायरीकडे वळून तिला हाक मारतील. आणि ती येऊन खुर्चीत बसेल.

उद्या सुट्टी. बाबा आणि व., दोघंही घरी आहेत.