काळी खडी नको म्हटलं तेव्हा

१७ नोव्हेंबर

जिंकले! वाडीच्या रस्त्याला काळी खडी लागणार नाही, असं आज ग्रामसभेत ठरलं. पोलाद कारखान्यातली मळी ती — लोखंड वितळलं की वर येते, थंड करून फोडतात. म्हणे दगडापेक्षा टणक! महाडचा ट्रकवाला फुरकान नमुना घेऊन आला होता. "ताई, वर्षभर उघड्यावर मुरवलेली आहे. तपासणीचा कागद तरी बघा." बघितलाच नाही. कारखान्यांच्या घाणीच्या गोष्टी ऐकून कान किटलेत. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो! नमुन्याची पिशवी त्याच्याच पायाशी ओतली. टाळ्या!

जाताना हळूच म्हणाला, "मग दगड कुठून आणणार, ताई?" बाकी कोणी ऐकलं नाही. मी ऐकलं.

१८ नोव्हेंबर

सासूबाई घरोघर सांगत फिरतायत — "माझ्या सुनेनं गाव राखलान!"

९ डिसेंबर

दगड आमच्याच डोंगरातून काढणार. वाडीला पाणी देणाऱ्या झऱ्याच्या वरच्या अंगाला. लांबून आणायला परवडत नाही, असं ठेकेदार म्हणतो. ठरावाला हात वर केला, पहिला माझाच. काळ्या खडीला नको म्हटल्यावर याला कुठल्या तोंडानं नको म्हणणार?

४ जानेवारी

सुरुंग. मांडणीवरची भांडी खणखणली.

२२ फेब्रुवारी

रस्ता झाला. झकास झालाय, खोटं कशाला बोलू! पण झऱ्याची धार करंगळीएवढी. सासूबाई रोज पहाटे जाऊन तिथला पाचोळा काढतात, पहिली ओंजळ झऱ्यालाच वाहतात, मग हंडा लावतात. आज किती वेळ बसल्या, तरी हंडा अर्धाच.

"औंदा पाऊसच कमी झाला गो," म्हणाल्या. पाऊस कुठे कमी होता? अर्धा हंडा मीच उचलला.

१४ मार्च

झरा आटला.

दोघी खाली नदीवर जातो. चढण चढताना सासूबाई तीनदा टेकतात. गुडघा सुजलाय, तरी हंडा सोडत नाहीत. आज त्यांच्यामागून चालताना रडू आलं. माझ्या एका तोऱ्यापायी ही वेळ आली.

घरी येऊन फुरकानला फोन लावला, माफी मागायला. "जाऊ द्या ताई," एवढंच म्हणाला. चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.

३ एप्रिल

शिवथरकडच्या एका वाडीतून निरोप आलाय. तिथेही काळी खडी येऊ घातलीय, तर विरोधात बोलायला मी यावं. वर शाल-नारळ देऊन सत्कार! त्यांचंही पाणी डोंगरातल्या झऱ्याचंच. जाणार, आणि झालं ते सगळं सांगणार.

पण सासूबाईंनाही यायचंय, सुनेचा सत्कार बघायला. त्यांच्या देखत कसं म्हणू — झरा मी घालवला?

६ एप्रिल

शाल घातली. टाळ्या वाजल्या. माइक हातात, आणि तोंडातून शब्द फुटेना!

सासूबाई पहिल्या रांगेतून उठल्या. गुडघा धरून उभ्या राहिल्या. "काळी खडी नको म्हटली, नि डोंगर फोडला आम्ही. आमचा झरा गेला. हिला सांगवत नाय, आतल्या आत कुढते हाय पोर. म्हणून मी सांगते."

मला वाटत होतं, त्यांना काही ठाऊक नाही.