आधी लिहिणाऱ्याची जोडी

८ मार्च

ती. स्व. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला. काम फार होतं, हात रंगाने बरबटले होते, शाई संपली होती. यातलं एकही खरं नाही. लिहायचं टाळत होतो, कारण आपल्या डावात पत्ते वाटणाऱ्या मामीने नियमच तसा केलाय: वयाने लहान त्याने आधी बोलायचं. म्हणजे मी चाल टपालात टाकायची आणि तुम्ही ती चहाबरोबर वाचून, दाढी खाजवून, सवडीने उत्तर द्यायचं. म्हटलं गप्प बसावं, कंटाळून तुम्हीच लिहाल. तुम्ही कसले लिहिताय! मामीचंच कार्ड आलं, की पत्ते हातात धरून गेलास की काय.

तर मामीने पाकिटातून पाठवलेले माझे दोन बंद पत्ते पाहिले. दोघांना सामाईक पाचांपैकी तीन उघडे तुम्हालाही कळलेत: अठ्ठी, पंजी, तिर्री. अजून दोन उघडायचेत. वयोमानाने विसरला असाल म्हणून पैजही सांगतो. दोघांकडे बारा-बारा महिने. माझे जातील तेवढे महिने मी तुमच्या कुलपांच्या दुकानात बसायचं, तुमचे जातील तेवढे महिने तुमची मोटारसायकल माझी. एका दमात कितीही लावा, मर्यादा नाही.

इथे मी फेरीबोटींचे कठडे रंगवतो. खोली लाँड्रीच्या वर आहे, फरशीतून वाफ येते, त्यामुळे कपडे इस्त्रीचे आणि मी चुरगळलेला. घरमालकीण मला विद्यार्थी समजते. कसला ते विचारत नाही, हे तिचे उपकार. एक मांजरही आहे, तिचं एक शेपूट पांढऱ्या रंगात बुडलं (एकच असतं म्हणा), त्याची हकिगत मागच्या दोन पानांवर लिहिलीय, ती जरूर वाचा.

हां, डाव. पहिला एकेक महिना लागलेलाच आहे. मी वर आणखी दोन लावतो.

मामीला नमस्कार. रागावलात तरी माया पातळ करू नका.

तुमचा,
भिंगरी

१७ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. मांजरीसकट वाचलं. तुझे दोन, माझेही दोन. जास्त लावत नाही.

एक सल्ला फुकट देतो. तुझ्या हातात नव्व्यांची नाहीतर दश्श्यांची जोडी आहे. रद्दी असती तर तू दोन ओळी खरडल्या असत्यास. एक्के असते तर साळसूदपणे माझ्या गुडघ्याची चौकशी केली असतीस. मधल्या जोडीलाच माणूस इतका बडबडतो. उघड्या पत्त्यांपेक्षा तुझी जोडी मोठी, म्हणून तुला राजवाडा मिळाल्यासारखं झालंय. बाळा, ती भाड्याची खोली आहे.

अशी जोडी घेऊन आधी बोलायची वेळ आली की थोडं बोलावं आणि खाली बसावं. डाव लहान ठेवावा. समोरच्याने लावलं तर तेवढंच लावून बघावं, आपण होऊन फुगवू नये. मोठी रक्कम लावलीस की तुझ्याहून हलके हात पळून जातात आणि थांबतो तो तुला खाणाराच. मी मागून बोलतो, मला तुझं तोंड दिसतं. तुला माझी पाठसुद्धा दिसत नाही.

पण तू ऐकणार नाहीस. शाळेतही मास्तर प्रश्न पुरा करायच्या आत तुझा हात वर असायचा, आणि उत्तर भलत्याच धड्यातलं.

प्रकृतीला जप, शेपटांनाही जप.

तुझा,
मामा

२६ मार्च

ती. स्व. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

चौथा पत्ता दुर्री आला. यापेक्षा निरुपद्रवी पत्ता गड्डीत नाही.

तुमचं पत्र चारदा वाचलं आणि पोट धरून हसलो. मामा, मी दोन उन्हाळे तुमच्या दुकानात कानस घासलीय. गिऱ्हाईक समोर उभं, कुलूप शेगड्याच्या जबड्यात घट्ट, आणि तुम्ही गंज, तेल, आजकालची पिढी यांवर बोलत सुटलात की मला कळायचं, कुलूप उघडत नाहीये. इतका लांब उपदेश तुम्ही घाबरल्याशिवाय करत नाही. तुम्हाला मी थांबायला हवाय. म्हणजे तुमच्याकडे काही नाही!

राहिलेले नऊच्या नऊ महिने लावले. घ्या.

मोटारसायकलच्या टाकीचा रंग उडालाय. निळा देईन म्हणतो, इथे उरलाय बराच. चाकं तपासून ठेवा. मामीला सांगा, पहिली चक्कर तिलाच.

पराभव झाला म्हणून पत्र बंद करू नका, एवढंच मागणं.

तुमचा,
भिंगरी

४ एप्रिल

चि. भिंगरीस,
आशीर्वाद.

यांनी तुझं पत्र वाचलं, बरं म्हणाले आणि नऊ महिने लावले. नंतर मी पाचवा पत्ता उघडला, राजा. तुझ्या दश्श्या मला पहिल्यापासून ठाऊक होत्या, आणि यांच्या हातातल्या दोन तिर्र्याही. तिसरी उघड्यावर होती. म्हणजे तुझी जोडी, त्यांच्या तीन. पहिल्या पत्रापासूनच तू मेलेला होतास, पण तीनच महिन्यांपुरता मेला असतास. पुढचे नऊ तू स्वतः तिकीट लावून पाठवलेस.

पत्ते वाटणाऱ्याने बोलायचं नसतं, म्हणून ओठ शिवून बसले होते. आता बोलते. दोन उन्हाळे दुकानात काढलेस आणि एवढंही दिसलं नाही? हे उपदेश करतात ते कुलूप उघडल्यावर. पटकन काढून दिलं तर गिऱ्हाईकाला पैसे जड वाटतात, म्हणून आधी गंजावर प्रवचन.

बारा महिने म्हणजे बारा. पत्र पोचलं की पहिल्या सोमवारी ये. वरची खोली झाडून ठेवलीय. हसून झालंय माझं, आता ये.

तुझी,
मामी

१२ एप्रिल

ती. स्व. मामीस,
शि. सा. न. वि. वि.

पिशवी भरली. तीन शर्ट, एक ब्रश, आणि त्या दश्श्या, त्या तुला परत करेन. माझ्याच्याने बघवत नाहीत. मुकादम म्हणाला, कठड्याचं काम मधेच टाकून पळून जाणारा तू पहिला नाहीस, पण अर्धा निळा ठेवून जाणारा पहिला. वर्षभर एका खुर्चीवर! मामी, मी वर्षभर एका गावात राहिलेलो नाही. रात्रभर बोटी मोजत बसलो, कुठलीही चालली असती. पण पैज ती पैज, आणि तुझ्यापासून तोंड लपवून हिंडायचं म्हणजे हिंडण्यातली मजाच गेली. येतो. मामांना म्हणावं, दारात उभं राहून दात काढू नका.

जुना राग नसेलच, नवा धरू नये.

तुझा,
भिंगरी

ता. क. पाकीट चिकटवत होतो तर दारावर थाप. मामा आलेत! डोक्यात धूळ, मोटारसायकल खाली लाँड्रीपाशी उभी. दुकानाच्या किल्ल्या माझ्या पिशवीवर टाकल्या आणि म्हणाले, गावची गाडी तासाभरात सुटते, पळ. तीस वर्षं दुकानाला माणूस मिळत नव्हता म्हणून बाहेर पडता आलं नाही, म्हणे. तुला त्यांनी अजून सांगितलेलं नाही. आत्ता माझ्या खाटेवर बसून बूट काढताहेत, आणि मुकादम म्हाताऱ्या माणसाला कामावर घेतो का, ते विचारताहेत.