धाकटीची गोळी, भाचीची तपासणी

मी, पडदे शिवून पोट भरलेली बाई, पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवते. मनात हेवा आहे, पण त्याने मृत्युपत्र रद्द होत नाही, असे वकील म्हणाले.

१. मोठा आरसा धाकट्या बहिणीला. तसाही त्यात कायम तीच असायची.

२. बोथट कात्री विमा कंपनीच्या खिडकीवरच्या बाईंना. कारण असे: धाकटीला आणि मला कर्करोग एकच, अंडाशयाचा. नवी गोळी लागू पडते ती रक्ताच्या तपासणीत जनुकातला ठरावीक बिघाड सापडला तरच. त्या अहवालाशिवाय कंपनी गोळीचे पैसे देत नाही. तपासणीचे आधी आपण भरायचे, पॉझिटिव्ह आली तर परत मिळतात. मी स्वस्तातली करून आले. बाई म्हणाल्या, "ही नाही चालत हो. गोळीबरोबर मंजूर झालेलीच लागते." पुन्हा रक्त, पुन्हा पैसे. दोन्हीकडे निगेटिव्ह, म्हणजे गोळीही नाही आणि पैसेही गेले. धाकटी मात्र पहिल्याच फटक्यात पॉझिटिव्ह.

३. ती आता न थांबता जिना चढते. मला आनंद झाला असे मी सगळ्यांना सांगते. खरे तर जळफळाट होतो. रंग तिला, केस तिला, आईचा जीव तिच्यावर, आणि आता बिघाडसुद्धा तिचाच कामाचा! परवा तोंडावर म्हटले, "नशीबवान आहेस बाई."

ती रडायलाच लागली. "ताई, हा बिघाड आईकडून लेकीकडे जाऊ शकतो गं. अठरा झाली की पोरीची तपासणी करा म्हणतात डॉक्टर. कंपनीने हात वर केले. ती आजारी नाही, गोळी घ्यायची नाही, मग पैसे कशाचे, म्हणतात. आमचे तर सगळे पैसे ऑपरेशनातच संपले."

मी हातातला पडदा बाजूला ठेवला आणि वकिलांना फोन लावला.

४. भाची अठरा होईल तेव्हा मी नसेन. म्हणून माझ्या दोन्ही खोल्या विकून आधी तिची तपासणी करावी. डॉक्टर सांगतील तीच, स्वस्तातली नको. उरेल ते आणि शिलाई मशीन तिचेच. पोर दिसायला, हसायला, रुसायला सगळी आईवर गेली आहे, आणि ते मला कायम खुपत आले. एवढा एक अहवाल तरी मावशीवर जावा.

साक्षीदार: खालच्या मजल्यावरचे घड्याळजी, समोरच्या इस्त्रीवाल्या काकू. ज्याला लाभ त्याची साक्ष नको, म्हणून धाकटी बाहेर बसली आहे.

ठिकाण: शिलाईची खोली
दिनांक: एक तारीख, धाकटीच्या गोळ्यांची नवी डबी आली तो दिवस
सही: भाचीची मावशी